बांधकामावर जीव सोबत्याच्या हातात: सहकारी कामगारांची नाती आणि सुरक्षितता

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात, १० सप्टेंबरला, ठाण्यात बाळकुम येथे ४० मजली इमारतीवरची कामगारांची लिफ्ट खाली कोसळली आणि ७ कामगार दगावले. त्याआधी ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री पुण्यात येरवड्याला एका बांधकामावर सळयांची जाळी अंगावर पडून बिहारहून आलेले ५ मजूर मेले. अशा बातम्या दोन-चार दिवस चालतात. चौकशी जाहीर होते, ठेकेदारावर गुन्हा दाखल होतो, मदतीची घोषणा होते. मग सगळे शांत होते.

या दुर्घटनांची निदान बातमी तरी झाली. एखादा सेंट्रिंगवाला सहाव्या मजल्यावरून डक्टमध्ये पडतो, चराची माती ढासळून एखादा मजूर गाडला जातो, उघड्या वायरला हात लागून एखादा हेल्पर जागीच जातो. त्याच्यासाठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. आपल्या वस्त्यांमध्ये गवंडी, बिगारी, पेंटर, फिटर, प्लंबर म्हणून काम करणारी घरे शेकड्याने आहेत. त्यामुळे हा विषय आपल्यासाठी दूरचा नाही.

अपघात झाला की चर्चा दोन टोकांवर होते. एक बाजू म्हणते, मालकाने हेल्मेट, बेल्ट, जाळी दिली नाही. दुसरी म्हणते, दिले होते पण कामगारानेच घातले नाही. या दोन्हींच्या मध्ये एक गोष्ट कायम राहून जाते. त्या क्षणी शेजारी जो माणूस काम करत होता, त्याला धोका दिसला होता का? दिसला असेल तर तो बोलला का? बोलला असेल तर कोणी ऐकले का? सोबत काम करणाऱ्यांचे आपसातले नाते सुरक्षिततेवर कसा परिणाम करते, ते नाते कशाने बिघडते आणि ते सुधारण्यासाठी कार्यकर्ते काय करू शकतात, हे आम्ही या लेखात मांडत आहोत.

काम एकाचे, जीव दुसऱ्याचा

कारखान्यात मशीन एका जागी असते, माणसेही बरीचशी तीच असतात. बांधकामावर जागा रोज बदलते. काल जिथून चालत गेलो तिथे आज खड्डा असतो. काल जिथे भिंत नव्हती तिथे आज भिंत असते आणि तिच्या मागे काय चालले आहे ते दिसत नाही. कालची माहिती आज उपयोगी पडत नाही. नवी माहिती फलकावर क्वचित लिहिलेली असते. ती तोंडातोंडी पोहोचते, किंवा पोहोचतच नाही.

दुसरे म्हणजे, इथे प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या कामावर उभे असते. परांची बांधणारा वेगळा आणि तिच्यावर उभा राहून प्लास्टर करणारा वेगळा. सकाळी बांधणाऱ्याने एक फळी नुसतीच टेकवून ठेवली असेल, तर दुपारी तिच्यावर पाय देणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो. सेंट्रिंगवाले टेकू लावतात, फिटर सळई बांधतात आणि तिसरीच टोळी येऊन काँक्रीट ओतते. टेकू भुसभुशीत मातीवर उभा असेल तर स्लॅब ओतणाऱ्यांच्या पायाखालून जातो. प्लंबर पाइप टाकण्यासाठी डक्टवरची फळी बाजूला करतो आणि परत ठेवायची विसरतो. संध्याकाळी डोक्यावर घमेले घेऊन तिथून जाणाऱ्या बाईला ते भोक दिसत नाही. क्रेन चालवणाऱ्याला पुष्कळदा खालचा माल दिसतच नाही, तो खालच्या माणसाच्या हाताच्या इशाऱ्यावर चालतो. इलेक्ट्रिशियन लाइन बंद करून कामाला बसतो आणि ग्राइंडर चालत नाही म्हणून दुसराच कोणीतरी जाऊन बटण चालू करतो.

या प्रत्येक उदाहरणात धोका निर्माण करणारा एक आणि त्यात सापडणारा दुसरा आहे. दोघांनी एकमेकांना एक वाक्य सांगितले असते तर धोका टळला असता. ते वाक्य बोलले जाणे किंवा न जाणे हे बऱ्याच अंशी त्या दोघांच्या नात्यावर ठरते.

नाते चार वाटांनी काम करते

पहिली वाट टोकण्याची. "दादा, ती फळी हलते आहे." वाक्य एवढेसेच, पण ते बोलायला किंमत पडते. समोरचा जुना मिस्त्री असेल तर "तू मला शिकवतोस का" असे ऐकावे लागते. चारचौघांत हसे होते. मुकादमाला वाटले की हा फार बोलतो, तर उद्याची हजेरी जाते. म्हणून माणूस गप्प बसतो. अनोळखी माणसाला टोकणे अधिक कठीण जाते, कारण तो ते कसे घेईल याचा अंदाज नसतो. ज्याच्यासोबत रोज डबा खातो त्याला टोकणे सोपे असते.

यात आणखी एक पेच आहे. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की संकट पाहणारी माणसे जितकी जास्त, तितकी एकेकट्याने पुढे येण्याची शक्यता कमी होते. प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणीतरी सांगेल. उघडी डक्ट तीस माणसांनी पाहिलेली असते आणि तिसांपैकी प्रत्येकाला वाटते की हे माझे काम नाही. जिथे माणसे एकमेकांना ओळखतात आणि कोणाला काय सांगायचे हे ठरलेले असते, तिथे हा पेच सुटायला मदत होते.

दुसरी वाट पाहून शिकण्याची. नवा मुलगा साइटवर येतो तेव्हा तो सूचनाफलक वाचत नाही, तो माणसे पाहतो. जुना कामगार बेल्टचा हुक अडकवल्याशिवाय कडेला जात नसेल, तर नवा मुलगाही अडकवतो. जुना कामगार सळईवरून सर्कशीसारखा चालत जाऊन "बेल्ट भित्र्यांसाठी असतो" म्हणत असेल, तर नवा मुलगा दुसऱ्या दिवशी बेल्ट काढून ठेवतो. मर्दानगीची ही कल्पना टोळीत तयार होते आणि टोळीच ती मोडू शकते. साहेबाच्या भाषणाने ती मोडत नाही.

तिसरी वाट हात देण्याची. जड प्लेट एकट्याने उचलू नये, शिडी चढताना खालून कोणी धरावी, दुपारच्या उन्हात चक्कर आलेल्याला कोणी सावलीत बसवावे, हे सगळे मदतीवर चालते. ज्या टोळीत मदत मागणे कमीपणाचे मानले जाते, तिथे माणूस एकट्याने ओझे उचलतो आणि कंबर किंवा जीव गमावतो.

चौथी वाट थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची. वरून वीट पडली, कोणाला लागली नाही, लोक हसले आणि विसरले. तीच वीट पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी डोक्यात पडू शकते. पहिल्या वेळी "कुठून पडली, का पडली" हे बोलले गेले असते तर कडेला फळी लागली असती. पण ज्याच्या हातून वीट पडली त्याला मार बसेल, दंड होईल, अशी भीती असेल तर सगळे मिळून तो प्रसंग लपवतात. अपघाताची आगाऊ सूचना अशी वाया जाते.

या विषयावर संशोधनही झाले आहे. इस्रायलचे संशोधक डोव्ह झोहर यांनी १९८० साली तिथल्या २० कारखान्यांचा अभ्यास करून एक कल्पना मांडली. कामाच्या ठिकाणी सुरक्षेला खरोखर किती महत्त्व आहे, याबद्दल कामगारांच्या मनात मिळून एक समज तयार होते. कागदावरच्या नियमांपेक्षा त्या समजेवरून ते वागतात. २००० साली त्यांनी एकाच कंपनीतील ५३ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनी एक, नियम एक, तरी गटागटांत ही समज वेगळी होती आणि तिच्यानुसार पुढील काळातील किरकोळ दुखापतींचे प्रमाणही बदलत होते. हा फरक मुख्यतः त्या गटाचा मुकादम रोज कसा वागतो, कामाची घाई आणि माणसाची काळजी यांपैकी कशाला वर ठेवतो, यावरून पडत होता. म्हणजे मुंबईच्या मुख्य कार्यालयात धोरण कितीही चांगले लिहिलेले असो, नवव्या मजल्यावर मुकादम आणि त्याची दहा माणसे एकमेकांशी कशी वागतात हे निर्णायक ठरते.

नाते तुटते कुठे

मग आपल्याकडच्या साइटवर हे नाते का जमत नाही? कामगार स्वभावाने बेफिकीर आहेत म्हणून नव्हे. कामाची रचनाच अशी आहे की नाते जुळायला वेळ आणि जागा मिळत नाही.

मजूर नाक्याचे उदाहरण घ्या. सकाळी नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला आज कोणाकडे, कुठे, कोणासोबत काम मिळेल हे माहीत नसते. टेम्पोत बसून तो साइटवर जातो, आठ-दहा तास अनोळखी माणसांबरोबर राबतो आणि संध्याकाळी सुटतो. त्याचे नाव कोणी विचारत नाही. "ए बिगारी", "ए लाल शर्ट" अशी हाक असते. ज्याचे नाव माहीत नाही त्याला धोक्याच्या क्षणी हाक तरी कशी मारणार?

दुसरे कारण ठेकेदारीचे थर. बिल्डर काम मोठ्या ठेकेदाराला देतो, तो सेंट्रिंग एकाला, सळई दुसऱ्याला, प्लास्टर तिसऱ्याला देतो आणि तिसरा ते चौथ्याला उक्ते देतो. एकाच मजल्यावर चार मालकांची माणसे असतात. प्लास्टरवाल्याने सेंट्रिंगवाल्याला टोकले तर "तू तुझ्या ठेकेदाराचे बघ" असे उत्तर मिळते. उक्त्या कामात मजुरी कामाच्या मापावर असते. तिथे परांची नीट बांधायला लागलेला अर्धा तास कामगाराच्याच खिशातून जातो. सावधपणे काम करणारा सोबती मग टोळीला ओझे वाटू लागतो. हे भांडण वरवर दोन कामगारांचे दिसते, पण ते मजुरीच्या पद्धतीने लावून दिलेले असते.

तिसरे कारण भाषा. एकाच साइटवर मराठवाड्यातला, विदर्भातला, बिहारचा, बंगालचा, ओडिशाचा, तेलंगणाचा माणूस असतो. कामापुरती हिंदी चालते, पण घाबरलेला माणूस आपल्या मातृभाषेत ओरडतो. वरून "बाजूला व्हा" अशी हाक आली आणि खालच्याला ती कळायला दोन क्षण लागले, तर तेवढ्यात सळई खाली आलेली असते. त्यात परप्रांतीय म्हणून हिणवणे, कॅम्पमध्ये वेगळे राहणे, मजुरीत फरक असणे हे सगळे असले, की बोलणे आणखी आटते.

चौथे, बाईकामगाराचे स्थान. बांधकामावर बाया माती, वाळू, विटा वाहतात. गवंड्याचे काम त्यांना क्वचितच शिकवले जाते. दिवसभर सगळीकडे ये-जा त्यांचीच असल्याने कुठली फळी हलते, कुठे भोक उघडे आहे, कुठे वायर लोंबते हे त्यांना चांगले ठाऊक असते. पण त्यांना कोणी विचारत नाही, आणि त्या स्वतःहून बोलल्या तर "तुझे काम कर" म्हणून गप्प केले जाते. साइटवरची अर्धी माहिती अशी ऐकलीच जात नाही.

जात साइटवर आली की धोका वाढतो

पाचवे कारण आपल्याला अनुभवाने माहीत आहे. कामगार एका वर्गाचे असले म्हणून जात आपोआप जात नाही. याचा सर्वात स्पष्ट पुरावा मुंबईच्या गिरण्यांत होता. धोट्यातली कांडी बदलताना विणकराला सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्यामुळे विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेतले जात नसे, आणि तेच खाते जास्त मजुरीचे होते. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात त्यांनी दाखवून दिले, की जात केवळ कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून वेगळ्या कप्प्यांत टाकते.

सुरक्षेच्या दृष्टीने या म्हणण्याचा अर्थ फार थेट आहे. कप्प्यांत वाटलेली माणसे एकमेकांचा जीव राखू शकत नाहीत. आडनाव विचारून अंतर ठेवणे, डबा वेगळा बसून खाणे, पाण्याचा तांब्या वेगळा ठेवणे, ही फक्त अपमानाची गोष्ट नाही. दुपारच्या त्या अर्ध्या तासात माणसे कामाचे बोलतात: "तिकडचा जिना अजून कच्चा आहे", "त्या लिफ्टचा आवाज आज वेगळा येतोय". जो माणूस त्या घोळक्यात बसू शकत नाही, त्याच्यापर्यंत ही माहिती पोहोचत नाही. त्याने दिलेला इशाराही तितक्या गांभीर्याने घेतला जात नाही.

कामांच्या वाटपातही जात दिसते. साइटवर चेंबर तुंबला, सांडपाण्याची टाकी साफ करायची वेळ आली, की ठराविक समाजाच्या माणसाला शोधून आणले जाते. गटारे आणि सेप्टिक टाक्यांत माणसाला पुरेशा साधनांशिवाय उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसे उतरवली जातात, कारण आजूबाजूच्यांना तो धोका 'आपला' वाटत नाही. धोक्याचे काम एका जातीच्या वाट्याला टाकले की बाकीच्यांना तो धोका दिसणेच बंद होते.

फार जवळचे नातेही घात करते

इथे एक सावधगिरी. नाते घट्ट असले की सुरक्षा आपोआप येते असे नाही. पुष्कळ टोळ्या एकाच गावच्या, एकाच भावकीच्या असतात. मुकादम हा कोणाचा काका, कोणाचा मेहुणा असतो. त्याने उचल दिलेली असते, मुलीच्या लग्नाला मदत केलेली असते. तिथे विश्वास असतो, पण काकाला "टेकू कमी पडले आहेत" असे सांगायची पुतण्याची हिंमत होत नाही. आपला माणूस दारू पिऊन आला तर त्याची हजेरी बुडू नये म्हणून टोळी त्याला झाकून घेते आणि त्याच दिवशी तो कडेला उभा असतो. अपघात झाला तर मुकादमाचे नाव येऊ नये म्हणून सगळे एकच खोटे सांगतात.

याचे सर्वात दुःखद रूप विषारी वायूच्या खड्ड्यात दिसते. एकजण टाकीत उतरतो आणि बेशुद्ध पडतो. वरचा भाऊ किंवा मित्र क्षणाचाही विचार न करता त्याच्या मागे उडी घेतो, त्याच्या मागे तिसरा. एकाच्या जागी तीन प्रेते बाहेर येतात. माया खरी होती, पण आत काय आहे आणि साधनाशिवाय उतरायचे नाही, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. म्हणून आम्ही ज्या नात्याबद्दल बोलतो आहोत त्यात आपुलकीबरोबर दोन गोष्टी हव्यात: स्पष्ट बोलण्याची मोकळीक आणि कामाचे ज्ञान.

मालकाची जबाबदारी यातून सुटत नाही

आमच्या म्हणण्याचा कोणी सोयीचा अर्थ काढू नये. "कामगारांनी एकमेकांची काळजी घ्यावी" असे म्हणून मालकाला हात झटकता येणार नाहीत. कठडा, जाळी, मजबूत परांची, चराला आधार, तपासलेली लिफ्ट या गोष्टी मालकानेच द्यायच्या असतात. कितीही चांगला सोबती तुटलेल्या लिफ्टचा दोर धरू शकत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या दुर्घटनांचा दोष कामगारांच्या आपसातल्या वागण्यावर टाकणे हा मेलेल्यांवर दुसरा अन्याय होईल.

कायद्यानेही हे वेळोवेळी स्पष्ट केले आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला तरी मूळ मालकावर भरपाईची जबाबदारी येते, हे तत्त्व होते. मृत्यू झाला असेल तर "त्याने नियम मोडला होता" असे सांगून भरपाई नाकारता येत नाही. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने अपघात टाळण्यासाठी सतत आणि पुरेशी देखरेख ठेवणे मालकावर बंधनकारक केले. त्याच कायद्याने ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा समिती सांगितली आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत अशी अट घातली.

आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि १९९६ चा तो कायदा तिच्यात सामावला गेला आहे. या संहितेनुसार सुरक्षेची माहिती मालकाकडून मागण्याचा अधिकार कामगाराला आहे. जिवावर बेतेल असा धोका समोर दिसत असेल तर तो मालकाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या नजरेस आणून देता येतो. त्यावर मालकाने ताबडतोब उपाय करायचा आहे. संहितांवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यावर वेगळे बोलायला हवे. पण कागदावर असलेला हा अधिकार वापरायचा तर एकट्या माणसाने वापरून भागत नाही. एकटा बोलला तर उद्या त्याला कामावर घेत नाहीत. दहाजण मिळून बोलले तर दहाजणांना काढणे ठेकेदाराला परवडत नाही, कारण त्याचा स्लॅब अडतो. म्हणून हक्क वापरण्यासाठीसुद्धा आधी नाते लागते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदांची पद्धत त्याच काळात रुजली. कामगाराला समोर बसून बोलण्याचा हक्क आहे, हा विचार त्यामागे होता. साइटवरची सुरक्षा समिती हे त्याच विचाराचे छोटे रूप आहे. ती कागदावर न राहता चालवून घेणे हे आपले काम आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

यातले काहीही फार खर्चिक नाही. आमच्या मते पुढील गोष्टींपासून सुरुवात करता येईल.

पहिली गोष्ट, सकाळची दहा मिनिटे. मोठ्या साइटवर काम सुरू होण्याआधी 'टूलबॉक्स टॉक' घेतात. अनेकदा तो सुरक्षा अधिकाऱ्याचे भाषण आणि हजेरीपटावरच्या सह्या एवढाच उरतो. त्याऐवजी प्रत्येक टोळीतल्या एकाने आज आपण कुठे काम करणार, काय उघडे राहणार, कोणाला कुठून जाता येणार नाही, हे सांगायला हवे. रोज वेगळा माणूस बोलेल, आणि त्यात बायाही असतील, असा आग्रह धरा.

दुसरी, नाव आणि जोडी. नाक्यावरून आलेल्या किंवा नव्या माणसाला पहिला आठवडा एका जुन्या कामगाराच्या जोडीला द्यावे. नव्याला जागा माहीत नसते, हाका माहीत नसतात, "नाही" म्हणायची हिंमत नसते. जोडीदाराने त्याला साइट फिरवून दाखवावी आणि नावाने हाक मारावी. हेल्मेटवर मोठ्या अक्षरांत नाव लिहिले तरी पुष्कळ फरक पडतो.

तिसरी, सगळ्यांना कळणारा एकच थांबण्याचा शब्द. भाषा कुठलीही असो, तो शब्द ऐकला की हात थांबलेच पाहिजेत. तो शब्द उच्चारणारा नवा बिगारी असो की इंजिनिअर, आधी थांबायचे आणि मग विचारायचे. विनाकारण थांबवले म्हणून कोणाची चेष्टा करायची नाही, हा नियम टोळीनेच करावा.

चौथी, थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची चर्चा. आठवड्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, "या आठवड्यात कोण कुठे वाचले" असे विचारावे. चूक कोणाची, यापेक्षा ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे यावर बोलावे. इथे मुकादमाने स्वतः ऐकून घेतले तर बाकीचे बोलतात. म्हणून मुकादमांशी कार्यकर्त्यांनी वेगळे बोलायला हवे. तोही बहुतेक वेळा आपल्यातलाच, कधीकाळी बिगारी म्हणून सुरुवात केलेला माणूस असतो.

पाचवी, नाक्यावरची ओळख. साइटच्या गेटमधून कार्यकर्त्याला आत सोडत नाहीत, पण नाका सगळ्यांसाठी मोकळा असतो. सकाळी सात ते नऊ तिथे उभे राहिलो तर माणसे भेटतात. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या आणि मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामाचे काम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते. ही नोंदणी करून देण्याच्या निमित्ताने नाक्यावरची माणसे एकमेकांना ओळखू लागतात. जो ठेकेदार धोक्याच्या जागी माणसे उतरवतो त्याच्याबद्दल नाक्यावर आधीच बोलले गेले, तर त्याच्या टेम्पोत चढण्याआधी माणूस दोनदा विचार करतो.

सहावी, वस्तीतली बैठक. विहारात, समाजमंदिरात किंवा वाचनालयात महिन्यातून एकदा बांधकाम कामगारांना एकत्र बसवा. आपल्या समाजातले इंजिनिअर, सुरक्षा अधिकारी, नर्स, वकील अशा बैठकांना येऊ शकतात. परांची तपासायची कशी, चराला आधार कधी लागतो, विजेचा धक्का बसलेल्याला कसे सोडवायचे, टाकीत उतरण्याआधी काय पाहायचे, अपघातानंतर कुठले कागद जपायचे, हे त्यांनी शिकवावे. बैठकीला दुसऱ्या जातींचे, दुसऱ्या प्रांतांचे कामगारही बोलवा. साइटवर आपला जीव त्यांच्या हातात असतो आणि त्यांचा आपल्या हातात.

शेवटची गोष्ट, अपघात झाल्यानंतरची. जखमी किंवा मृत सोबत्याच्या बाजूने साक्ष द्यायला पुढे येणारा माणूस मिळाला, तर भरपाईचा दावा टिकतो. तो मिळाला नाही तर "हा आमच्या कामावर नव्हताच" असे सांगून ठेकेदार सुटायला पाहतो. साक्षीदाराची रोजी गेली तर त्याच्यामागे उभे राहणारी यंत्रणा संघटनेकडे हवी. अपघातानंतर सोबती गप्प बसले नाहीत, हे एकदा साइटवर दिसले की पुढच्या वेळी कठडा लावताना ठेकेदारही टाळाटाळ करायला कचरतो.

उद्या सकाळी आपल्या घरातून कोणी कामावर जात असेल, तर त्याला एवढेच विचारा: तुझ्या शेजारी काम करणाऱ्याचे नाव काय? ते सांगता येत नसेल, तर उद्याच्या कामाची सुरुवात नाव विचारण्यापासून करायला सांगा.